दहा हजारांच्या खाली देणार नाही!
वाचकांची पत्रं, मनाचे प्रश्न

मागच्या अंकात मी माणसाच्या वागण्याला मानसशास्त्राने दिलेल्या काही नावांची, म्हणजे निरनिराळ्या ‘इफेक्ट’ची, ओळख करून दिली होती आणि तुमचे अनुभव मागवले होते. पत्रं भरपूर आली. निम्म्या पत्रांत मागणी एकच: आमच्या घरातल्या अमक्याला नेमका कोणता इफेक्ट झालाय, ते लिहून कळवा. म्हणजे ते पत्र त्याच्यापुढे धरायला बरं! मी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आणि घरी आजही पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, आणि तुरीचं वावर आहे. त्यामुळे उत्तरं थोडी वर्गातली, थोडी धुऱ्यावरची होतील. एक आधीच सांगते. नाव कळलं म्हणून माणूस बदलत नाही. तो ज्या बैठकीत, ज्या वेळी, ज्यांच्यासमोर निर्णय घेतो, ते मात्र बदलता येतं. माझा भर तिथेच राहील.

प्रश्न : मॅडम, बाबांनी २०२२ मध्ये शेवटचा कापूस क्विंटलला अकरा हजारांनी विकला. तेव्हापासून दरवर्षी ‘दहाच्या खाली देणार नाही’ म्हणून कापूस घरात भरून ठेवतात. मागच्या वर्षी मे महिन्यापर्यंत आमची आतली खोली छतापर्यंत भरलेली होती. आईच्या अंगाला खाज सुटली, लेकरं ओसरीत झोपली. शेवटी दिवाळीत मिळत होता त्याहून कमी भावात माल गेला. काही बोललो तर म्हणतात, “तुले काय समजते बाजारातलं?” हा कोणता इफेक्ट म्हणायचा?
— एक तरुण शेतकरी, राळेगाव तालुका

उत्तर : एक नाही, तीन-चार एकत्र आहेत. पण सगळ्यांच्या मुळाशी तो अकरा हजारांचा आकडा आहे. याला अँकरिंग म्हणतात. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग छापला. शंभरपर्यंत आकडे असलेलं एक चाक लोकांसमोर फिरवायचं. ते आतून असं बसवलेलं, की १० वर किंवा ६५ वरच थांबावं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? ज्यांच्यापुढे १० आले त्यांचा मधला अंदाज २५ टक्के, ज्यांच्यापुढे ६५ आले त्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता, तरी अंदाज त्या आकड्याकडे ओढला गेला. तुमच्या बाबांचा आकडा तर कुठल्या चाकावरचा नाही. तो त्यांनी जिनिंगच्या काट्यावर उभं राहून रोख मोजून घेतला आहे. तो सहज कसा सुटेल?

तो भाव का आला होता, हे एकदा त्यांच्याशी बोला. २०२१-२२ मध्ये देशात पीक कमी आलं, कोविडनंतर गिरण्यांची मागणी एकदम उसळली, आणि जगाच्या बाजारात रुई दहा-अकरा वर्षांतल्या सर्वांत वरच्या भावाला पोचली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता ६,०२५ रुपये, आणि आपल्याकडच्या बाजारात दहा-बारा हजार मिळत होते. इतकं सगळं एकाच वर्षी जुळून आलं. पुढच्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी घरांनी त्याच आशेवर कापूस भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. बाबा एकटे नाहीत. त्यांचं हसं करू नका.

दुसरी गोष्ट तोट्याच्या दुखण्याची. २०२० च्या हंगामात हमीभाव ५,८२५ होता. तेव्हा कुणी साडेसात हजार दिले असते तर बाबांनी पेढे वाटले असते. आज तेच साडेसात हजार त्यांना अडीच हजारांचा तोटा वाटतात, कारण मोजणी दहापासून खाली सुरू होते. कानमन-ट्वर्स्कींचंच १९७९ सालचं म्हणणं असं, की जेवढा फायदा सुखावतो, तेवढाच तोटा त्याहून बराच जास्त बोचतो. साधारण दुप्पट, असं पुढच्या कामातून दिसलं. आणि माल विकला नाही, तोवर तोटा झालाच नाही असं मन मानतं. शेअरबाजारातली माणसं हेच करतात. वाढलेला शेअर चटकन विकतात, पडलेला कवटाळून बसतात. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये याला डिस्पोझिशन इफेक्ट असं नाव दिलं. त्या लोकांना निदान अंगाला खाज तरी सुटत नाही.

आता बाबांच्या बाजूनेही दोन शब्द. वेचणीची मजुरी, खत, फवारणी सगळंच वाढलं आहे, त्यामुळे “मला परवडत नाही” हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण परवडणं हा वावराचा हिशेब आहे, आणि बाजार तो विचारत नाही. शिवाय कापूस ठेवायला खोली आणि दम दोन्ही लागतात. ज्याच्या दारात कृषी केंद्रवाला उधारी मागायला उभा आहे, तो पहिला वेचा खेडा खरेदीतच, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्यालाच, देऊन मोकळा होतो. त्याला कुठला इफेक्ट परवडतो? कापसाच्या भावाचं सगळं दुखणं शेतकऱ्याच्या डोक्यात आहे असं कुणी म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आयातीपासून खरेदी केंद्र उघडण्याच्या तारखेपर्यंत बरंच काही डोक्याबाहेर आहे.

मग करायचं काय? “बाबा, तुम्हाला अँकरिंग झालंय” हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. त्यांना एक प्रश्न विचारा, आणि शक्यतो जेवणानंतर विचारा: “बाबा, समजा ही खोली रिकामी आहे आणि एवढ्या कापसाचे पैसे तुमच्या हातात आहेत. आजच्या भावाने तुम्ही बाहेरून कापूस विकत आणून इथे भरला असता का?” बहुतेक शेतकरी “मी काय येडा आहो काय?” असंच म्हणतील. कापूस ठेवणं आणि आजच्या भावाने तो पुन्हा विकत घेणं, पैशाच्या दृष्टीने एकच. फरक वाटतो तो माल आपला असल्यामुळे. १९९० साली छापलेल्या एका प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कप वाटले आणि बाकीच्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात कप होता त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत लावली. कप मिळून घटकाभर झाला होता. इथे तर पेरणीपासून राखलेला, बाया लावून वेचलेला कापूस आहे.

आणि निर्णयाची वेळ बदला. मार्चमध्ये, मोबाइलवर रोजचे भाव बघत बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्या घरी सीतादहीच्या, म्हणजे वेचणीआधीच्या पूजेच्या, दिवशीच, पहिला कापूस घरात येण्याआधी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन तारखा मांडल्या जातात. तीन वाट्यांत माल जातो, भाव काहीही असो. सगळ्यात वरचा भाव सगळ्या मालाला कधीच मिळत नाही, पण सगळा माल पडत्या भावात सापडत नाही. आमचे हे पहिली दोन वर्षं दर वाट्याला कुरकुरले. एका वर्षी तर व्यापाऱ्याच्या गाडीत गाठोडी चढत असताना अंगणात उभं राहून फोनवर वर्ध्याचा, हिंगणघाटचा, अकोटचा भाव विचारत होते. माल गेला तरी विचारतच होते. तरी तारीख मोडली नाही, कारण ती त्यांच्याच अक्षरात होती. तुमच्याकडेही तारखा बाबांनाच लिहू द्या. तुम्ही फक्त पेन द्या.

प्रश्न : आमच्या उपसरपंचांना कशातलं काही कळत नाही, पण सगळ्यात बोलतात. मी गावाच्या ग्रुपवर डनिंग-क्रुगर इफेक्टची पोस्ट टाकली, नाव न घेता. मोठं भांडण झालं. माझं काय चुकलं?
— एक पदवीधर वाचक, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : नाव न घेता टाकली म्हणता, पण गावाला नाव लागतं का? जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा तो अभ्यास १९९९ सालचा. तर्क, व्याकरण, विनोदाची जाण यांच्या चाचण्यांत जे तळाच्या चौथ्या हिश्शात होते, ते शंभरात साधारण बाराव्या पायरीवर असताना स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. यातला काही भाग निव्वळ आकडेमोडीतून येतो, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण हा शोध दुसऱ्याला मूर्ख ठरवण्यासाठी नव्हता. ज्या विषयात आपण कच्चे आहोत, त्यातला आपला कच्चेपणा आपल्यालाच दिसत नाही, हे त्याचं सांगणं. ते तुम्हाला लागू आहे आणि मलाही.

उपसरपंचांना एकट्याला गाठून विचारा, “काका, पाणीपुरवठ्याची ही योजना मंजुरीपासून नळापर्यंत कशी येते, मला टप्प्याटप्प्याने सांगा ना.” रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये लोकांना रोजच्या वापरातल्या वस्तू कशा चालतात हे सविस्तर लिहायला लावलं. लिहिता लिहिता त्यांचा स्वतःच्या ज्ञानाबद्दलचा अंदाज आपोआप खाली आला. कुणी हिणवावं लागलं नाही. कदाचित काका तुम्हाला सगळं बरोबर सांगतील. तीही शक्यता धरून जा.

प्रश्न : ताई, सासरे वारले. तेरवीला सहाशे पानं उठली. त्यासाठी बचत गटातून आणि बाहेरून मिळून कर्ज काढलं, ते अजून फिटलं नाही. नंतर शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “काहून केलं एवढं? आम्हाला काही पाहिजे नव्हतं.” मग त्या वेळी कुणीच का बोललं नाही? आणि आता माझ्या जावेच्या घरी तीच वेळ आली आहे.
— एक सून, चांदूर बाजार तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ज्या बैठकीत हे ठरलं असेल ती मला डोळ्यांसमोर दिसते, कारण अशा बैठका मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बघितल्या आहेत. राख सावडून माणसं परत आलेली. ओसरीत सतरंजी, चहाचे पेले, एका कोपऱ्यात मोठे दीर डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसलेले. कुणीतरी विचारतं, “मग तेरवीचं कसं करता?” मोठे दीर खाली बघत म्हणतात, “तुम्ही पाच जण म्हणाल तसं.” पाच जण एकमेकांकडे बघतात. एकाला वाटतं, साधं करू म्हणालो तर म्हणतील, बुढ्याची वावरं खाल्ली अन् तेरवीला मागे सरला. दुसऱ्याला वाटतं, भाऊबंद आहोत, आपण कंजुषीची गोष्ट कशी काढावी? मग मामेसासरे घसा खाकरून म्हणतात, “रीतीप्रमाणे तर करावंच लागते.” सगळे मान हलवतात. प्रत्येक जण दुसऱ्याची हललेली मान बघतो आणि समजतो की मी सोडून सगळ्यांना हेच पाहिजे. बुंदी, पुरी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, सहाशे पानं. ठरलं. बायका आत चुलीपाशी. त्यांना कुणी विचारलंच नाही.

यालाच प्लुरलिस्टिक इग्नोरन्स म्हणतात. मनातून कुणालाच नको असलेली गोष्ट, बाकीच्यांना ती हवी आहे या समजुतीवर चालत राहते. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत हे दाखवलं. तिथला विषय दारूचा होता. आपल्या विद्यापीठात जेवढी दारू प्यायली जाते, ती एकेकट्याला खटकत होती, पण बाकी सगळे खुशीत आहेत असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यांची दारू, आपली तेरवी. मुकी मान दोन्हीकडे हलते.

ही गाठ कशी सुटते याचाही अभ्यास आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन रेघांपैकी समोरच्या रेघेएवढी कोणती, एवढाच प्रश्न. खोलीतली बाकीची माणसं ॲशनी आधीच पढवलेली, ती मुद्दाम एकसारखं चुकीचं उत्तर देत. खऱ्या उमेदवारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले, डोळ्यांनी उघड दिसत असताना. पण खोलीत एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा बसवला, तर मागे जाणं एकदम घसरलं. सगळे बाजूने असायची गरज नव्हती. एक पुरला.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, हे कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय केलं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू ही जातीची रीत. त्यांनी ती मोडून गोडाचं जेवण दिलं. आणि त्यांचं कीर्तन आठवा, म्हणजे आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेलं. बाबा प्रश्न विचारत आणि हजारोंचा समुदाय मोठ्याने उत्तर देत असे. कर्ज काढून सण करावा का? समुदाय ओरडून नाही म्हणे. मला यातली खरी युक्ती त्या ओरडण्यात दिसते. बाबांचं मत लोकांना आधीच माहीत असायचं. पण शेजारी बसलेला भाऊबंदही “नाही” म्हणतोय, हे प्रत्येकाला तिथे कानांनी ऐकू येत होतं. घरी ओसरीत जे कधीच ऐकू येत नाही, ते.

आता तुमच्या जावेचं. बैठकीच्या आधी, त्याच दिवशी सकाळी, घरातल्या दोन वयस्कर माणसांना वेगवेगळं भेटा. एकाने तरी बैठकीत पहिलं वाक्य बोलायचं कबूल केलं पाहिजे: “बुढ्याचं नाव राखायला घरचे पन्नास जण पुरे आहेत.” हे वाक्य दुसरं किंवा तिसरं आलं तर उपयोग नाही, मामेसासऱ्यांच्या घसा खाकरण्याआधी आलं पाहिजे. बोलणारा माणूस पैसेवाला असेल तर उत्तम, म्हणजे कंजुषीचा आरोप चिकटत नाही. शेजारच्या त्या काकूंना बोलावून सगळ्यांसमोर पुन्हा तेच बोलायला लावा. तुमच्या वेळी त्या गप्प राहिल्या, निदान आता उपयोगी पडू द्या.

गावाचंच ठरवायचं असेल तर कुणाच्या घरी मयत झालेली नसताना ठरवा, आणि हात वर करून नको. महिला ग्रामसभेत कोऱ्या चिठ्ठ्या वाटा: ‘तेरवीचं गावजेवण असावं / नसावं’. मोजणी तिथेच. दारूचं दुकान बंद करायला आपल्याकडे बायकांचं मतदान होतं, आडव्या बाटलीवर शिक्का मारायचं. ते जिथे जिथे जिंकलं, तिथे चिठ्ठी गुप्त असण्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत. नवऱ्याच्या समोर हात वर करायचा असता तर किती बाटल्या आडव्या झाल्या असत्या?

प्रश्न : भेंडवळची घटमांडणी आमच्या घरात तीन पिढ्यांपासून ऐकतात. माझे काका म्हणतात, दरवर्षी खरी ठरते. ठरते का?
— एक विद्यार्थिनी, जळगाव जामोद

उत्तर : अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात गोल आखून धान्याचे दाणे मांडायचे, मधोमध मातीची ढेकळं आणि त्यांच्यावर घट, पुरी, पापड, भजी ठेवायची, रात्रभर तिथे कुणी फिरकायचं नाही, आणि पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं ते बघून पीक-पाण्याचं भाकीत. बघायला जरूर जा, एवढे शेतकरी एका जागी काळजीने उभे क्वचित दिसतात. पण भाकितांची भाषा बघ: अमुक पीक साधारण, पाऊस कुठे कमी कुठे जास्त. असं वाक्य कुणाच्या ना कुणाच्या वावरात खरं होणारच. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुझं स्वभाववर्णन’ म्हणून कागद दिले. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलांनी ते अचूक ठरवले. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. त्यात भर म्हणून जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं वाहून जातं.

काकांशी वाद नको. या वर्षीची भाकितं ऐकल्या ऐकल्या वहीत लिहा, आणि प्रत्येकासमोर आजच लिहून ठेवा की काय घडलं तर हे चुकलं म्हणायचं. हा दुसरा रकाना काकांनीच भरावा. डिसेंबरात दोघं मिळून वही उघडा. पेरणी मात्र घट बघून नको. जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय बी टाकू नका, हे कृषी खात्याचं सांगणं काकांनाही पाठ असेल.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. रुजू झालो तेव्हा आधीच्या सरांनी हजेरीपटावर बोट ठेवून सांगितलं, “हे सहा हुशार, बाकीच्यांकडून काही अपेक्षा ठेवू नका.” वर्ष संपताना खरंच तसंच झालं. सरांची पारख चांगली होती, की मीच ते खरं केलं?
— एक शिक्षक

उत्तर : सर, हा प्रश्न पडणारा शिक्षक मिळाला हे त्या मुलांचं नशीब. रॉबर्ट रोझेनथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला आहे. साधारण पाचातल्या एका मुलाचं नाव शिक्षकांना दिलं आणि सांगितलं, ही मुलं यंदा झेप घेणार. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्धिमापनाचे गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले, वरच्या वर्गांत मात्र फारसा फरक नव्हता. या अभ्यासावर पुढे कडक टीका झाली, आणि नंतरच्या संशोधनात अपेक्षेचा परिणाम असतो, पण लहान असतो, असंच बहुधा दिसलं. म्हणून सगळं तुमच्यामुळे झालं असं मनाला लावून घेऊ नका.

पण एक गोष्ट तपासा. मेरी बड रो यांनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. हुशार समजलेल्या मुलासाठी जास्त थांबत, बाकीच्यांसाठी कमी. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर उत्तरं लांबली, आणि गप्प मुलं बोलू लागली. आता तुमचा वर्ग बघा. घरी कोरकू, शाळेत मराठी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तुमचा प्रश्न त्या लेकराच्या डोक्यात आधी कोरकूत जातो, उत्तर कोरकूत तयार होतं, मग मराठीत यायला निघतं. तोवर तुम्ही “बरं, बस खाली” म्हणून पुढच्या बाकावर गेलेले असता. ते सहा हुशार कोण? एकदा बघा, त्यांच्यातली किती मुलं घरी मराठी ऐकतात. कुणाचा बाप कर्मचारी, कुणाचं दुकान, कुणाची आई अंगणवाडीत. मला तुमची शाळा माहीत नाही, पण पैज लावायला तयार आहे.

नव्या वर्षी हजेरीपट हातात घेण्याआधी कुणाकडूनही काही ऐकू नका. नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका, प्रश्न विचारून झाल्यावर चिठ्ठी काढा आणि मनात तीन मोजा. कोरकूत उत्तर आलं तरी ते उत्तर माना, मग वर्गालाच विचारा, हे मराठीत कसं म्हणायचं? आणि तुमची बदली होईल तेव्हा पुढच्या शिक्षकाला हजेरीपट नुसता द्या, बोट न ठेवता.

प्रश्न : आमच्या फाट्यावर दुचाकीचा अपघात झाला. चाळीस-पन्नास माणसं जमली, बरेच जण व्हिडिओ काढत होते. बऱ्याच वेळाने एकाने १०८ ला फोन लावला. आमचं गाव असं निर्दयी कधी झालं?
— एक वाचक, कारंजा (घाडगे)

उत्तर : निर्दयी नाही. गर्दी मोठी होती, हेच कारण. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ शेजारी नुसते बघत राहिले, अशी न्यूयॉर्क टाइम्सची बातमी गाजली. ती बरीच फुगवलेली होती, हे पुढे त्याच वृत्तपत्राने मान्य केलं. पण त्या बातमीवरून जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ मध्ये प्रयोग केला तो आजही टिकून आहे. शेजारच्या खोलीत कुणाला मिरगीचा झटका आल्याचं माइकवरून ऐकू येतं. ऐकणारा एकटाच आहे असं त्याला वाटत होतं, तेव्हा १०० पैकी ८५ जण झटका चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१. प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी फोन लावलाच असेल. त्यात पोलिसांचा जुना धाक. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ कलम आलं, मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्तीही नाही. हे फाट्यावरच्या पानठेल्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावा.

आणि पुढच्या वेळी तुम्ही तिथे असाल तर “अरे कुणीतरी फोन लावा” असं ओरडू नका. कुणीतरी नावाचा माणूस गर्दीत नसतो. बोट दाखवून बोला: “ओ लाल दुपट्टेवाले भाऊ, तुम्ही १०८ लावा, लागला की मला सांगा. तू, काळी बॅगवाला, रस्त्यावर उभा राहून गाड्या थांबव. दादा, तुम्ही व्हिडिओ बंद करा अन् मोबाइलचा टॉर्च इकडे धरा.”